नादेरु, सासुरु, फू, थंग : मायेच्या स्पर्शाचे चिनी-जपानी शब्द

शेवंती

नमस्कार मंडळी.

गेले तीन महिने एका जपानी पुस्तिकेचं मराठी करते आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरच्या घरी काळजी कशी घ्यायची, हा तिचा विषय. कूस बदलणं, तोंड पुसणं, उशी कुठे सारायची, चमच्याने पाणी पाजताना मान किती कलती ठेवायची, हे सगळं विनासायास उतरलं. अडले ते एका लहानशा परिच्छेदापाशी. त्यात हाताने करायच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत आणि चारही ठिकाणी 'हात फिरवा' असं लिहून मी मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा लक्षात आलं की मूळ लेखिकेने चार निरनिराळे शब्द विचारपूर्वक वापरलेत, आणि माझ्या मराठीत त्यांचा एकच गोळा झालाय.

ते चार असे.

नादेरु. तळहात अलगद एका दिशेने नेणं. डोक्यावरून, मांजराच्या पाठीवरून, बाळाच्या गालावरून. ज्याला नादेरु करायचं त्याला काही दुखत असतं असं नाही. तो आपला वाटतो म्हणून हात जातो. वाऱ्याची झुळूक लागली तरी जपानीत वारा गालाला 'नादेरु' करतो.

सासुरु. इथे हात पुढे-मागे जातो, पुन्हा पुन्हा. खोकल्याची उबळ आलेल्याची पाठ, गारठलेली पावलं, कळ येणारा गुडघा. सासुरुच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी दुखणं असतं.

तोनतोन. हा खरं तर आवाज आहे. दार हलकेच वाजवलं तरी तोनतोन, आणि बाळाला निजवताना पाठीवर पडणारा हातही तोनतोन.

तेआते. 'ते' म्हणजे हात, 'आते' म्हणजे लावणं, टेकवणं. रोजच्या बोलण्यात याचा अर्थ उपचार, मलमपट्टी (पगारातल्या भत्त्यालाही हाच शब्द). दुखऱ्या जागी हात ठेवणं हा पहिला उपचार, म्हणून तेआते, असं जपानी माणसं आवर्जून सांगतात. व्युत्पत्तीच्या कसोटीला हे किती उतरतं हा वेगळा प्रश्न, पण ऐकताना खरं वाटतं.

गेल्या वर्षी आई चार महिने अंथरुणावर होती. रात्री तिचे पाय दुखायचे, मी चोळत बसायचे. एकदा म्हणाली, "चोळू नको गं, नुसता हात ठेव." तसा हात ठेवून मी उजाडेपर्यंत बसले होते. पुस्तिकेत तेआते आलं तेव्हा त्या रात्रीपासूनचं बरंच काही आठवलं आणि त्या दिवशी पुढे काम झालं नाही. म्हणून हे शब्द मराठीत गुळगुळीत होऊन जाऊ नयेत असं मला फार वाटतं.

नादेरुबद्दल आणखी थोडं, कारण या शब्दाने मला धरूनच ठेवलंय. जपानमध्ये नादेशिको नावाचं फूल आहे. आपल्याकडे बागेत डायांथस लावतात त्याच कुळातलं, फिकट गुलाबी, पाकळ्यांच्या कडा झिरमिळ्या असलेलं. नाव लिहितात ते 'नादेरु'चं अक्षर आणि 'मूल' हे अक्षर जोडून. जिच्यावरून हात फिरवावा अशी लेकरासारखी वस्तू. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या संग्रहात यामानोउए नो ओकुरा या कवीने शरदातल्या सात वनस्पती मोजल्यात, त्यात ती आहे. जपानच्या महिला फुटबॉल संघाचं नावही तेच. २०११ साली विश्वचषक जिंकला तो याच 'नादेशिकों'नी.

त्याच मान्योशूच्या विसाव्या खंडात सीमेवर पाठवलेल्या शिपायांच्या कविता आहेत. पूर्वेकडच्या प्रांतांतली शेतकरी पोरं सक्तीने पश्चिमेला, क्यूशू बेटावर पहाऱ्याला धाडली जात. इ. स. ७५५ मध्ये ओतोमो नो याकामोची या अधिकाऱ्याने त्यांच्या कविता गोळा करून ठेवल्या. सुरुगा प्रांतातला, म्हणजे आजच्या शिझुओकाकडचा, एक शिपाई पाच ओळींत एवढंच सांगतो: आईबापांनी डोक्यावरून हात फिरवत 'नीट राहा' म्हटलं, ते शब्द काही केल्या विसरता येत नाहीत. तिथे क्रियापद आहे 'काकिनादे'. म्हणजे नादेरुच, पण केसांतून बोटं घालून. 'शब्द' याला त्याने गावाकडचा उच्चार वापरलाय आणि याकामोचीने तो सुधारला नाही. साडेबाराशे वर्षं झाली, पोराच्या केसांतला तो हात अजून तसाच आहे.

आता तुम्हाला विचारायचंय ते असं. या चारांसाठी तुमच्या घरात, तुमच्या भागात कुठले शब्द आहेत? आणि चिनी जाणणारं कुणी असेल तर, तिकडेही अशी वाटणी आहे का?

नागोयाचा काका

शेवंतीताई, तोनतोनबद्दल मी साक्ष देतो. माझी दोन्ही मुलं इथल्या पाळणाघरात वाढली. दुपारी जेवणं झाली की ओळीने गाद्या पसरतात, पडदे ओढतात, आणि शिक्षिका दोन मुलांच्या मध्ये बसून दोन हातांनी दोघांना तोनतोन करतात. एक पोर पेंगलं की तो हात पुढच्याकडे. रोज संध्याकाळी मिळणाऱ्या वहीत 'आज दहा मिनिटं तोनतोन करावं लागलं' अशीही नोंद असायची. मला तेव्हा जपानी धड येत नव्हतं, पण हा शब्द कुणी समजावून सांगावा लागला नाही.

लहान मुलांच्या भाषेत असे शब्द भरपूर आहेत. दाक्को म्हणजे कडेवर किंवा कुशीत घेणं. ओम्बु म्हणजे पाठुंगळीला. होझुरी म्हणजे गालाला गाल घासणं, आणि त्याचा आवाज सुरीसुरी. घट्ट मिठी म्हणजे ग्यू. डोक्यावरून हात फिरवताना मोठी माणसं 'योशी योशी' म्हणतात, 'असू दे, असू दे' अशा सुरात. मूल पडलं की दुखऱ्या जागी सासुरु करत 'इताइ नो इताइ नो तोन्देइके' म्हणतात, म्हणजे 'दुखण्या दुखण्या, उडून जा'. शेवटच्या शब्दाला हात हवेत झटकायचा, दुखणं फेकून दिल्यासारखा. आपल्याकडे जमिनीलाच चापट मारतात, 'जमीन हाट्ट'! इथे जमिनीला कुणी बोल लावत नाही.

रात्री आईबाप दोन बाजूंना आणि मूल मध्ये, याला 'नदीचं अक्षर' म्हणतात. नदीचं अक्षर तीन उभ्या रेघांचं, मधली आखूड.

मोठ्यांमध्ये मात्र सगळं थांबतं. मुलगा शाळेत गेला की हात लावणं कमी होतं. बायकोची मैत्रीण दोन वर्षांनी माहेरी गेली होती. विमानतळावर तिच्या आईने वाकून नमस्कार केला, हिनेही केला, मिठी वगैरे काही नाही. पण सामान घेऊन चालायला लागल्यावर आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीपर्यंत तो पुढे-मागे फिरत राहिला. सासुरु. तिला काही दुखत नव्हतं. किंवा असेलही.

पीतनदी

चिनीबद्दल मी लिहितो. आठ वर्षं भाषांतराचं काम करतोय, त्यामुळे प्रतिसाद लांबेल, सांभाळून घ्या.

आधी उच्चाराची गोष्ट. रोमन लिपीत चिनी शब्द 'ब'ने लिहिलेला असला तरी तो आपल्या कानाला 'प' लागतो, आणि रोमन 'प' आपल्या 'फळ'मधल्या 'फ'जवळ जातो. आपल्याकडे ही दोन्ही अक्षरं आहेत, तर मी आपल्या कानाप्रमाणेच लिहितो.

चिनी अक्षरांत डावीकडे एक तीन रेघांचा भाग येतो, तो म्हणजे हात. तो दिसला की समजायचं, काम हाताचं आहे. मो (स्पर्श करणं, चाचपणं), फाय (थोपटणं), रोऊ (गोलगोल चोळणं), लोऊ (हाताच्या वेढ्यात घेणं), पाओ (उचलून किंवा मिठीत घेणं), फू (मायेने हात फिरवणं), सगळ्यांत तो हात आहे. रोऊच्या उजवीकडे 'मऊ' हे अक्षर आहे. पोराचं पोट दुखलं की आई रोऊ करते, आणि कणीक मळतानाही रोऊच. पाओच्या उजवीकडे 'गुंडाळणं' आहे.

हे शब्द दोनदा म्हटले की सौम्य होतात. मोमो, फायफाय, पाओपाओ. 'मार' आणि 'हलकीशी थाप' यातलं अंतर चिनीत अनेकदा एवढ्या पुनरुक्तीने साधतं. वीचॅट या चिनी निरोपांच्या ॲपवर २०२० च्या जूनमध्ये 'फाय इ फाय' नावाची सोय आली. समोरच्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की त्याला तुम्ही थोपटल्याचा निरोप जातो. त्या दिवसांत माणसं एकमेकांपासून लांब होती. माझ्या एका सहकाऱ्याने दुखवट्याच्या संदेशाऐवजी मला नुसतं ते थोपटणं पाठवलं होतं. मला ते पुरलं.

पण तुमच्या नादेरुचा खरा सोबती म्हणजे फू. अक्षर दोन्हीकडे एकच. जपानने चीनमधून घेतलेलं. चिनीत या फूभोवती केवढं कुटुंब आहे पाहा. फूमो, कुरवाळणं. फूवेइ, सांत्वन. आनफू, शांत करणं. फूयांग, मूल लहानाचं मोठं करणं. घटस्फोटाच्या खटल्यात मुलाचा ताबा कुणाकडे, याला कायद्याच्या भाषेत 'फूयांगचा हक्क' म्हणतात. सैनिक कामी आला की घरच्यांना मिळणारी रक्कम 'फूश्यू'ची. न्यायालयातल्या आणि सरकारी कागदातल्या शब्दाच्या तोंडाशी तळहात आहे, हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कोश बंद करून थोडा वेळ बसलो होतो.

आणि हे आजचं नाही. अडीच हजार वर्षांहून जुन्या 'शी चिंग' या काव्यसंग्रहात एक कविता आहे. आईबाप गेलेत, त्यांचं ऋण फेडता आलं नाही म्हणून एक माणूस रडतोय. तो एकामागून एक क्रियापदं मोजतो: जन्म दिला, पोसलं, मला फू केलं, वाढवलं, शिकवलं, वळून वळून पाहिलं. (तिथे फू जुन्या अक्षराने लिहिलंय, पण टीकाकार त्याचा अर्थ हाच लावतात.) शेवटचं क्रियापद तर विलक्षण आहे. तो म्हणतो, जाता-येता मला 'पोट' केलं. 'पोट' हे नामच त्याने क्रियापदासारखं वापरलंय. इंग्रजी भाषांतरकार तिथे दोन-तीन शब्दांची कसरत करतात. मराठीत काहीच करावं लागत नाही. पोटाशी धरलं.

अनघड

शेवंतीताई आणि पीतनदी, दोघांचे आभार. वाचनखूण साठवली.

एक शंका. फूच्या पारंपरिक अक्षरात हाताच्या शेजारी जो भाग आहे त्याचा अर्थ 'नाही, शून्य' असा कोशात दिसला. म्हणजे 'हातात काही नसलेला हात', रिकामा हात? काही द्यायला नाही तरी फिरतो तो. किती सुंदर!

पीतनदी

अनघड, कल्पना सुंदर आहे, पण अक्षर तसं बनलेलं नाही. बहुतेक चिनी अक्षरांत एक भाग अर्थ सांगतो, दुसरा नुसता उच्चार. फूमध्ये 'शून्य' हा भाग प्राचीन उच्चारासाठी आलाय. पाओतलं 'गुंडाळणं' आणि रोऊतलं 'मऊ' हेही आधी उच्चारासाठीच; अर्थ जुळतो, म्हणून लक्षात राहतात. मी वर ते सांगितलं नाही, ही माझी चूक. असे अर्थ काढून भिंतीवर लावायच्या पाट्या खूप फिरतात, म्हणून स्पष्ट लिहितोय.

मात्र एक अक्षर असं आहे जिथे रचनेवर विसंबायची गरजच नाही, वापरच पुरेसा आहे. थंग. अर्थ: दुखणं. डोकं थंग, दात थंग. त्यावर आजारपणाची खूण आहे. आणि याच थंगचा दुसरा अर्थ, लाड करणं, जीव लावणं. 'आजी मला थंग करते' म्हणजे आजीचा माझ्यावर फार जीव आहे. 'शिन' म्हणजे हृदय. शिनथंग म्हणजे दुसऱ्याचे हाल पाहून आपल्या काळजात कळ येणं. जुन्या पिढीतली चिनी माणसं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य सहसा उच्चारत नाहीत. थंग मात्र सहज म्हणतात.

काका, तुमच्या विमानतळावरच्या आईला हा शब्द लागू पडेल.

तैनानहून

थंगचं तैवानी भावंड सांगते. मी दक्षिण तैवानमध्ये राहते, इथल्या म्हाताऱ्या बाया मँडरिनपेक्षा (म्हणजे प्रमाण चिनीपेक्षा) तैवानी होक्क्येन जास्त बोलतात. त्यांचा शब्द 'सिओसिओ'. सिओ म्हणजे जपणं, जीव लावणं. दोनदा म्हटलं की तो स्पर्श होतो: जवळ घेऊन थोपटणं, चोळणं, फुंकर घालणं, सगळं मिळून. मूल रडत आलं की 'ये, सिओसिओ'. तरुण मुलं मँडरिन बोलतानाही हा शब्द वापरतात, त्याला 'श्यूश्यू' असा मँडरिन वेष चढवून. परीक्षेत नापास झालेली मैत्रीण फोनवर 'मला श्यूश्यू कर ना' म्हणते.

दुसरा शब्द 'खानछिऊ'. शब्दशः हात धरून नेणं, आणि अर्थ: बायको. माझ्या घरमालकाचं वय ऐंशीच्या पुढे. पत्नीची ओळख करून देताना ते म्हणाले, "ही माझी खानछिऊ." मी नवी होते, मला वाटलं ते हात धरायला सांगतायत, आणि मी आजींचा हात धरला. दोघांपैकी कुणी मला दुरुस्त केलं नाही. आजी माझा हात धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. आज सहा वर्षं झाली, अजूनही भेटल्या की आधी हात धरतात.

मज्जारज्जू

वैद्यकातून छोटी भर. त्वचेत अगदी सावकाश संदेश नेणारे काही मज्जातंतू असतात, ते हळुवार फिरणाऱ्या स्पर्शाला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने, आणि त्वचेइतक्या उबदार गोष्टीने. हे तंतू केस असलेल्या त्वचेत असतात: पाठ, दंड, डोकं. तळहातावर जवळपास नसतात. नादेरुचा वेग आणि जागा तुम्ही वर वर्णिल्यात, त्या तंतोतंत जुळतात. सासुरुने दुखणं का कमी होतं त्याचं कारण वेगळं: चोळण्याच्या जोरकस संवेदना मज्जारज्जूपाशी दुखण्याच्या संदेशांची वाट अडवतात. दोन शब्द, दोन वाटा.

दुभाषी

धागा इतका मनापासून चाललाय की मधे बोलावंसं वाटत नव्हतं, पण शेवंतीताई भाषांतर करतायत म्हणून सांगणं भाग आहे.

'प्रेम' आणि 'फू' ही दोन अक्षरं जोडून एक शब्द होतो. चिनीत उच्चार आयफू, जपानीत आइबु. चिनीत आईने बाळाला आयफू केलं असं लिहिता येतं, साहित्यात येतंही. जपानीत आइबु आज जवळजवळ सर्वत्र शरीरसंबंधाच्याच संदर्भात वापरतात. मी शिकत असताना निबंधात आजीने नातीला 'आइबु' केलं असं लिहिलं होतं. शिक्षिकेने वही सगळ्यांसमोर न वाचता, बाजूला बोलावून, शब्द खोडून 'नादेरु' लिहून दिलं आणि का ते नीट समजावलं. त्यांचे उपकार आहेत. चिनी-जपानी अक्षरं सारखी म्हणून अर्थ सारखा धरू नका.

दुसरं असं की स्पर्श कुणाचा आणि कुणाला, यावर शब्दाचा अर्थ पालटतो. पोनपोन म्हणजे डोक्यावर हलकेच टपली. आजोबांनी नातवाला केलं तर कौतुक. कचेरीत साहेबाने कर्मचारी मुलीला केलं तर छळ, आणि आता जपानी मुली तसं उघड सांगतात. चिनीत नको असलेल्या सलगीला 'टोफू खाणं' म्हणतात, आणि गर्दीत चोरटा हात लावणाऱ्याला 'खारवलेला डुकराचा पंजा'. या शब्दांतली किळस खरी आहे आणि ती भाषेत असायलाच हवी. तुमच्या पुस्तिकेत रुग्णाला हात लावण्याआधी विचारावं असं वाक्य आहे का? जपानी शुश्रूषेच्या पुस्तकांत बहुधा असतं. ते मराठीत गाळू नका, 'आपलंच माणूस आहे, काय विचारायचं' म्हणून.

शेवंती

दुभाषीताई, आहे. 'हात लावते हं' असं म्हणून दोन श्वास थांबावं, असं लिहिलंय. पहिल्या खर्ड्यात मी ते 'सांगून हात लावावा' एवढ्यात उरकलं होतं. पुन्हा लिहिते.

सह्याद्रीचा वारा

फूची दुसरी बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. इतिहास शिकवतो, त्यामुळे माझी नजर तिकडेच जाते.

मिंग आणि छिंग राजवटींत प्रांताच्या सुभेदाराला 'श्वुनफू' म्हणत. शब्दशः, फिरून फू करणारा. ईशान्य चीनमधलं फूशुन हे कोळशाच्या खाणींचं शहर मूळचं मिंगांचं सरहद्दीवरचं ठाणं. नावातला फू हाच, आणि अर्थ सीमेवरच्या लोकांना चुचकारून वळणावर आणणं. म्हणजे राजाचा हात प्रजेच्या डोक्यावरून फिरतो तेव्हाही हेच क्रियापद. तो हात मायेचा असेलच असं नाही. मराठीत 'मतदारांना गोंजारणे' म्हणतो तेव्हा आपण हीच वाट धरतो. गोंजारणं आणि आनफू, दोन्ही शब्द घरातून निघून दरबारात गेलेत.

जपानीत याची जाण आणखी बारीक दिसते. 'मांजर कुरवाळतानाचा आवाज' (नेकोनादेगोए) म्हणजे काम काढून घेण्यासाठी काढलेला गोड गळा. 'साकानादे' म्हणजे केसांच्या उलट दिशेने हात फिरवणं, आणि अर्थ: कुणाच्या जखमेवर मुद्दाम बोट ठेवणं, चिडवणं. तोच हात, तीच पाठ, फक्त दिशा उलटी. आणि जीव भांड्यात पडला की जपानी माणूस म्हणतो 'छातीवरून हात खाली फिरवला'. स्वतःलाच केलेलं नादेरु.

वेरूळकर

सह्याद्री, दरबारातून मी देवळात नेतो. आमच्याकडच्या लेण्यांमुळे बौद्ध ग्रंथांचं वेड लागलं, त्यातून हे सापडलं.

नारा शहरातल्या तोदाइजी मंदिरात मोठ्या बुद्धाच्या दालनाबाहेर एक लाकडी म्हातारा बसलेला असतो, अंगावर लाल वस्त्र. त्याचं नाव बिन्झुरु. हा आपला पिंडोल भारद्वाज, बुद्धाचा शिष्य. लोकांसमोर सिद्धीचं प्रदर्शन केलं म्हणून बुद्धाने त्याला बोल लावला, म्हणून तो आत नसून बाहेर बसतो, असं सांगतात. ज्याचं जे दुखतं त्याने बिन्झुरुच्या त्या अवयवावरून हात फिरवायचा आणि मग स्वतःच्या. अशा मूर्तींना 'नादेबोतोके' म्हणतात, हात फिरवायचा बुद्ध. नागानोच्या झेन्कोजी मंदिरातल्या बिन्झुरुचे नाकडोळे हातांनी झिजून सपाट झालेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये ती मूर्ती चोरीला गेली होती आणि त्याच दिवशी सापडली.

आता चिनीकडे. फूसारखंच आणखी एक अक्षर आहे, 'मो' (पीतनदींनी सांगितलेला मो वेगळा). याच्या तळाशी अख्खा हात आहे. मालिश म्हणजे 'आनमो', तोच जपानीत 'आम्मा' झाला. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं. त्यात बुद्ध उजव्या हाताने असंख्य बोधिसत्त्वांच्या माथ्यावरून हात फिरवून त्यांच्यावर धर्म सोपवतो. क्रियापद 'मो'. आणि त्याच वाक्यात पुढे 'महासत्त्व' हा संस्कृत शब्द उच्चाराने लिहायचा तर 'महा'साठी त्याने घेतलेलं पहिलं अक्षरही हेच मो. एका वाक्यात एकदा हात, एकदा नुसता आवाज.

सातव्या शतकात ह्युएन त्संग आपल्याकडे येऊन गेला. त्याने महाराष्ट्राचं नाव चिनीत 'मोहोलाछा' असं लिहिलं. सुरुवातीला तेच मो अक्षर. अर्थ तिथे काही नाही, पीतनदी रागावतील, फक्त उच्चार आहे हे मला ठाऊक आहे. तरी महाराष्ट्र या नावाच्या पहिल्या अक्षराखाली हात आहे, हे मी जवळ ठेवलंय.

पीतनदी

रागावत नाही. मला हे माहीत नव्हतं.

कृष्णाकाठची

मुलांनो, चिनी-जपानी मला येत नाही. वय त्र्याहत्तर. शेवंतीच्या चार शब्दांसाठी आमच्या घरातलं सांगते, पटलं तर घे.

कुरवाळणं आणि गोंजारणं एक नव्हे. लेकराला कुरवाळतात, गाईला गोंजारतात. लेकराला गोंजारलं म्हटलं की त्यात लाडीगोडी आली, काहीतरी समजूत घालायची आहे. म्हणून तुझा नादेरु कुरवाळणंच. मांजराच्या पाठीला तू गोंजारणं लिही हवं तर, माणसाला नको.

थोपटणं तर थोपटणंच. पण दमाने. माझी सासू म्हणायची, बाळाच्या श्वासाबरोबर हात पडला पाहिजे, आणि ते निजल्यावर हात एकदम काढायचा नाही. आधी हलका करायचा, मग नुसता ठेवायचा, मग उचलायचा.

सासुरु म्हणजे चोळणं नव्हे. चोळण्यात तेल असतं, जोर असतो. उलटी होणाऱ्याची पाठ कुणी चोळतं का? आम्ही 'पाठीवरून हात फिरवत राहा' म्हणतो. 'फिरव' नाही, 'फिरवत राहा'. उबळ थांबेपर्यंत. तुझ्या चारांतला फरक त्या 'राहा'त आहे बघ.

आणि जे आईने सांगितलं, 'नुसता हात ठेव', त्याला दुसरा शब्द शोधू नको.

नागोयाचा काका

कृष्णाकाठच्या मावशी, हात आधी हलका करायचा हे इथल्या पाळणाघरातल्या शिक्षिकाही अगदी असंच करतात. मी काचेतून पाहिलंय.

शेवंती

मावशी, 'फिरवत राहा' मिळालं आणि गाठ सुटली. दोन महिने मी नाम शोधत होते, उत्तर सहायक क्रियापदात होतं. काल रात्री बसून परिच्छेद पुन्हा लिहिला. इथे ठेवते, चुका सांगा:

'हात लावते हं, असं सांगा आणि दोन श्वास थांबा. रुग्ण जागा आणि शांत असेल तर डोकं कुरवाळा, केसांच्या दिशेनेच. खोकला किंवा मळमळ असेल तर पाठीवरून हात फिरवत राहा, उबळ ओसरेपर्यंत. झोप येत नसेल तर खांद्यावर थोपटा, रुग्णाच्या श्वासाबरोबर. यातलं काहीच नको असेल तर दुखऱ्या जागी नुसता हात ठेवा.'

केसांच्या दिशेनेच, हे मूळात नाही. सह्याद्रींच्या साकानादेवरून सुचलं. लेखिकेला पत्र लिहून परवानगी विचारली आहे, ती मिळेपर्यंत कंसात ठेवते.

तेआतेचा 'उपचार' हा अर्थ मराठीत निसटतोच. तळटीप द्यावी का, की राहू द्यावं? मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढचं प्रकरण पडल्या पडल्या केस धुण्याचं आहे.

कृष्णाकाठची

तळटीप नको. पाणी कोमट असू दे आणि कानात कापसाचा बोळा, हे आहे ना त्यात?